कोल्हापुरात राजारामपुरीतली सीव्ही सर्व्हिस : आतल्या मॅडमना पाच स्टार, बाहेरच्या काउंटरला एक

शिरोलीत तीन वर्षं आणि आता गोकुळ शिरगावला दोन, दोन्हीकडं फौंड्रीत क्वालिटीला, सध्या नव्या नोकरीसाठी पुण्याजवळच्या चाकणकडं बघायलोय म्हणून मित्राच्या सांगण्यावरनं इथं गेलो. नाव लिहीत नाही, का ते पुढं कळेल. फी १५०० रुपये.

सीव्ही ठीकठाक, तोच सगळ्यांचा दोन कॉलमचा साचा. खरं काम झालं ते रेफरन्सचं, म्हणजे आपल्याबद्दल नव्या कंपनीला सांगणाऱ्या माणसांच्या नावांचं. मी तीन नावं टाकलेली, एक आमचे मामा (आडनाव वेगळं, कुणाला कळतंय!), एक ओळखीचे नगरसेवक आणि एक शिरोलीतले साहेब. मॅडमनी एवढंच विचारलं, "ह्यातलं तुमचं काम कुणी बघितलंय?" दोन नावांवर तिथंच काट. मग साहेबांना विचारलंय का म्हणाल्या, मी म्हटलं विचारायचं काय त्यात, ओळखतात की. "लावा फोन, आत्ता." लावला तर नंबर बंद, आणि हाच नंबर मी सात ठिकाणी पाठवून बसलेलो!

जुन्या ग्रुपवरनं नवा नंबर काढला. साहेब लई प्रेमानं बोलले पण म्हणाले, "अरे तू नक्की काय काय केलेलंस, दोन वर्षं झाली की." मग मॅडमनी माझ्याकडनं साहेबांना पाठवायला सहा ओळींचा व्हॉट्सॲप मेसेज लिहून घेतला, कुठल्या पोस्टला अर्ज केलाय, मी कधीपासून कधीपर्यंत होतो, पद काय होतं, आणि पंप हाउसिंगच्या कास्टिंगमधलं ब्लोहोलचं (ओतकामात वायू अडकून पडणारी भोकं) रिजेक्शन कसं खाली आणलं ते. आत्ताच्या बॉसचं नाव ऑफर हातात येईपर्यंत कुणाला द्यायचं नाही म्हणाल्या, हे बरोबरच आहे, नाहीतर नवी मिळायच्या आधी असलेली जायची. पीएफच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी पण उघडायला लावली, सीव्हीत जॉइनिंग जून आणि तिथं ऑगस्ट, असल्या फरकावर व्हेरिफिकेशनवाले (नव्या कंपनीकडनं आपली माहिती तपासणारे) अडवतात.

आता का नाव लिहीत नाही ते. पैसे द्यायला बाहेर आलो तर काउंटरवरचा पोरगा हळूच म्हणतोय, "दादा, अजून दोन हजार द्या, रेडिमेड रेफरन्स देतो, आमचा माणूस तुमचा मॅनेजर म्हणून बोलेल." आयला! व्हेरिफिकेशनवाले बऱ्याचदा आपण दिलेल्या नंबरवर थांबतच नाहीत, जुन्या कंपनीच्या एचआरला सरळ मेल टाकतात, आणि घावलं तर जॉइन झाल्यावर पण घरी बसवतात. आत जाऊन मॅडमना सांगितलं तर त्या नुसत्या हसल्या. ते हसणं काय मला आवडलं नाही.

साहेबांना परवा चाकणवरनं फोन येऊन गेला, ब्लोहोलवरच बोलत बसलेले म्हणे. पुढचं अजून काय कळालं नाही. जाणार असाल तर शनिवारी जाऊ नका, तासभर बाकड्यावर बसवतात आणि गाडी लावायला जागा नाही.