लागीर की लागिर? शंका असेल तर हे दोन शब्दकोश मोबाईलवर उघडा

कोल्हापुरात वाढलेल्या कुणाला लागीर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पोरगं तिन्हीसांजेला बाहेरनं खेळून आलं आणि रात्री तापानं फणफणलं की घरातली म्हातारी माणसं म्हणणार, बाहेरचं काहीतरी हाय, लागीर झालंय, मग दहीभात हळदकुंकू लावून पोरावरनं ओवाळायचा, तिकटीवर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथं, ठेवायचा आणि मागं न बघता घर गाठायचं. पण हाच शब्द लिहायची वेळ आली की जो तो आपल्या मनानं लिहितो आणि अर्थ विचारला तर भूत लागणे एवढ्यावर सोडून देतो.

ज्याला नीट बघायचंय त्यानं शिकागो विद्यापीठाची डिजिटल डिक्शनरीज ऑफ साऊथ एशिया ही साईट बघाच. फुकट आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती आणि दाते-कर्वेंचा मराठी-मराठी महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही तिथं आहेत, आणि दाते-कर्वेंचे ते जाडजूड खंड घरात ठेवायला कपाट लागतं म्हणून मला तर या सोयीचं लई अप्रूप वाटतं.

मला दाते-कर्वे जास्त आवडतो. शब्द कुठल्या भागातला ते सांगतो आणि शेवटी चौकोनी कंसात मूळ देतो. लागीर आलाय लागणे वरनं, आणि लागणे चं मूळ संस्कृत लग्, म्हणजे चिकटणे. लग्न, लागण, लागवड ही सगळी त्याच घरची. म्हणून तर जे लागतं ते उतरवायचं असतं आणि ओवाळून टाकलेल्याला उतारा म्हणतात!

स्पेलिंगचं म्हणाल तर साधा नियम आहे, संस्कृतातनं जसेच्या तसे आलेले शब्द सोडले तर शेवटचं अक्षर अकारान्त असलं की आधीची वेलांटी दीर्घ, म्हणून लागीर, आणि प्रत्यय लागला की ह्रस्व, लागिरानं, जसं वकील आणि वकिलानं. बोलताना आपण शेवटी अं लावतो तेव्हा लागिरं, तिथंही ह्रस्वच. पिशाच्च चं उलटं झालंय, संस्कृतात पिशाच, एकच च, मराठीत आपण जोड देऊन टाकला.

खरी मजा जवळजवळचे शब्द ताडून बघण्यात आहे. जोतिबाच्या यात्रेत चांगभलंच्या गजरात एखादी बाई घुमायला लागली तर तिला लागीर झालं असं कुणी म्हणणार नाही, अंगात आलं, वारं आलं म्हणतात आणि लोक पाया पडतात. देव येतो, भूत लागतं, क्रियापदच वेगळं. पछाडणे म्हणजे मुळात खाली आपटणे, खासबागेत कुस्ती बघणाऱ्याला हे डोळ्यासमोर येईल. झपाटणे मध्ये झडप आहे, वरनं येऊन धरणं. आणि आवेश! आ आणि विश्, आत शिरणे, संस्कृतात अंगात संचार होण्यालाच हा शब्द होता, आज आपण भाषणाच्या आवेशाबद्दल बोलतो.

हे शब्द जपावेत असं मला मनापासून वाटतं, देवरुषाकडची मारहाण मात्र नको. भूत उतरवतो म्हणून माणसाला बांधून मारणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि ताप असेल तर आधी डॉक्टर.

वापरायचं कसं? दोन्ही कोश 1962 च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे, त्यामुळं क्रियापदं लागणें, झपाटणें अशी अनुस्वारासकट आहेत. शब्द सापडला नाही तर शेवटी टिंब देऊन बघा, नाहीतर पहिली दोन-तीन अक्षरंच टाका. मोल्सवर्थचे अर्थ इंग्रजीत आहेत आणि ती इंग्रजी जुन्या वळणाची, शाळकरी पोरांना जड जाईल, त्यांना दाते-कर्वेच द्या. त्यातली व्याकरणाची संक्षिप्त रूपं, न. (नपुंसकलिंग), स्त्री. (स्त्रीलिंग), अक्रि. (अकर्मक क्रियापद), उक्रि. (उभयविध क्रियापद), एकदा समजून घेतली की पुढं काही अडत नाही.