मिशिगनचा हिवाळा आणि कॅम्परचा हीटर: बायपास किट बसवल्यानंतर

गेल्या ऑक्टोबरात आमच्या कॅम्पर ट्रेलरमधल्या (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरातल्या) पाणी तापवायच्या ६ गॅलनच्या हीटरला तीन व्हॉल्व्हचं बायपास किट बसवलं आणि पंपाला अँटीफ्रीझ (पाइप गोठून फुटू नयेत म्हणून भरायचा द्रव) ओढून घेणारी नळी. मिशिगनचा अख्खा हिवाळा आणि पुढचा उन्हाळा पार पडल्यावर सांगते: ट्रेलर उघड्यावर उभा राहणार असेल तर आधी हे दोन घ्या, बाकी हौस नंतर.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. पेक्सचा, म्हणजे लवचिक प्लॅस्टिकचा, पाइप ते बऱ्यापैकी सोसतो; प्लॅस्टिकचे जोड, पंप आणि टॉयलेटचा व्हॉल्व्ह सोसत नाहीत. तडा जातो जानेवारीत आणि कळतो एप्रिलमध्ये, पाणी सोडल्यावर.

बायपासमुळे हीटरची टाकी बाजूला राहते. गार पाण्याचा आणि गरम पाण्याचा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, मधला उघडा. हे नसेल तर ६ गॅलन अँटीफ्रीझ नुसतं टाकी भरायलाच जातं आणि वसंतात ते धुऊन काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. आता दोन-तीन गॅलनमध्ये भागतं.

टाकी मात्र आधी रिकामी करायलाच हवी. गॅस आणि वीज बंद करा, पाणी पूर्ण गार होऊ द्या, पंप थांबवून गरम पाण्याचा नळ उघडा, म्हणजे दाब उतरेल. मगच खालचा प्लग काढा. आमची टाकी पोलादी, सबर्बन कंपनीची. तिच्यात प्लगलाच अ‍ॅनोड रॉड असतो आणि त्याला १ १/१६ इंचाचा सॉकेट लागतो. रॉड खंगलेला निघाला तर घाबरू नका, टाकीऐवजी स्वतः गंजणं हेच त्याचं काम. पाऊण भाग झिजला की बदला. अ‍ॅटवुडच्या अ‍ॅल्युमिनियम टाकीत रॉड नसतो. आणि विजेच्या बटणावर चिकटपट्टी लावाच: रिकाम्या टाकीत एलिमेंट (पाणी तापवणारी विजेची कांडी) बघता बघता जळतं.

अँटीफ्रीझ गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचंच घ्यायचं. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते बहुधा एथिलीन ग्लायकॉलचं असतं, ते विषारी. पिण्याच्या पाइपात त्याचा थेंबही नको. बाटलीवरचा उणे ५० फॅरनहाइट हा आकडा पाइप न फुटण्याचा. द्रव त्याच्या कितीतरी आधी बर्फगोळ्याच्या चुऱ्यासारखा होतो. पाइपात उरलेलं पाणी त्याला आणखी पातळ करतं, म्हणून खालचे निचऱ्याचे नळ आधी उघडून सगळं पाणी काढून टाका. मग एकेक नळ गरम-गार दोन्हीकडून गुलाबी येईपर्यंत सोडायचा. बाहेरचा शॉवर बहुतेकांच्या ध्यानातून निसटतो. सिंक आणि न्हाणीच्या निचऱ्यातही कपभर ओता.

नुसत्या कॉम्प्रेसरच्या हवेवर इथल्या थंडीत माझा भरवसा नाही. पंपात पाणी राहतंच.

तक्रारी आहेत. व्हॉल्व्हच्या मुठी घट्ट आहेत, पलंगाखाली हात जेमतेम पोचतो, आणि सोबतची नळी आखूड असल्याने बाटली उचलून धरावी लागते. वसंतात पाणी भरपूर सोडूनही चव रेंगाळली. पिण्याच्या पाण्याच्या टाकीच्या दर १५ गॅलनला पाव कप साधं ब्लीच घालून रात्रभर ठेवल्यावर आणि पुन्हा धुतल्यावर गेली. गरम पाणी कोमट येत असेल तर हीटरला दोष देण्याआधी मधला व्हॉल्व्ह पुरता बंद आहे का पाहा.

टाकी नसलेला, झटपट पाणी तापवणारा हीटर असेल तर हे किट घेऊ नका. त्याची रीत वेगळी, त्याच्याच पुस्तिकेप्रमाणे चाला.