ऑस्ट्रेलियातल्या गारी बेटावर गाडी चालवायला निघालो आणि कोल्हापुरातच १,९५,००० ला बुडालो

आधीच सांगतो, ट्रिप काढून बुडवणाऱ्याचं नाव टाकणार नाही. वकिलांनी सांगितलंय की केस उभी राहीपर्यंत नाव टाकू नका, उलट बदनामीची नोटीस तुम्हालाच येईल. म्हणजे पैसे आमचे गेले आणि घाबरून पण आम्हीच राहायचं. असू दे. कोल्हापुरात थार-जिप्सीवाल्यांचा गोतावळा केवढा असतो, ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील.

स्कीम काही नवी नाही. अर्ली बर्ड रेट, शेवटच्या दोन सीट, आज टोकन टाका उद्या रेट वाढणार, हे सगळं सगळ्यांना पाठ आहे, आम्हालाही होतं. कुणी चारधामला बुडालं, कुणी दुबईला बुडालं अशा बातम्या पेपरात येतात आणि आपण चहा पीत म्हणतोच की लोकांना अक्कल कशी नसते. ज्यांना आत्ता तसं म्हणायचंय त्यांनी म्हणून घ्या आणि मग पुढचं वाचा, कारण हा माणूस अनोळखी नव्हता. मसाई पठाराकडं पावसाळ्यात गाड्या चिखलात घालायला आम्ही याच्याबरोबर गेलोय. लडाखला यानंच नेलं होतं, हॉटेलं ठरल्याप्रमाणं, हिशोब पैशापैशाचा. घरी येऊन पांढरा रस्सा ओरपून गेलाय, माझ्या आईला "काकू, वाढा की अजून" म्हणत. असल्या माणसाची काय उलटतपासणी करायची? तरी जीएसटीचं विचारलं होतं मी. ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट बोटानं दाखवलं. ते रजिस्ट्रेशन रद्द झालेलं होतं हे नंतर कळलं. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की अर्ध्या मिनिटात दिसतं, टाकत जावा.

ट्रिप अशी होती. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला उतरायचं, पाठीवर सॅक, हॉस्टेलमध्ये राहायचं, बसने वर रेनबो बीच गावाला जायचं आणि तिथून गारी बेटावर. गारी म्हणजे आधीचं फ्रेझर आयलंड, २०२३ मध्ये अधिकृत नाव बदललं. जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट, लांबी जवळजवळ सव्वाशे किलोमीटर, १९९२ पासून जागतिक वारसा यादीत. तिथं फोर बाय फोर शिवाय काही चालत नाही, समुद्रकिनारा हाच हायवे. तिथल्या कंपन्या टॅग-अलाँग नावाची टूर देतात, पुढच्या गाडीत गाइड, मागे तीन-चार गाड्या, एकेका गाडीत सात-आठ पोरं आणि स्टिअरिंग आळीपाळीनं आपल्याच हातात. आता मला सांगा, उद्यमनगरात वर्षभर लेथच्या आवाजात उभं राहणाऱ्या माणसाला हे ऐकून काय होणार? आम्ही आठजण तयार झालो.

आणि या गड्याची तयारी बघा. एक हॉल घेऊन, प्रोजेक्टर लावून दोन तास माहिती दिली. किनाऱ्यावर ताशी ८० ची मर्यादा, आत झाडीतल्या वाळूच्या रस्त्यांवर ३०. भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास गाडी किनाऱ्यावर घालायची नाही. टायरची हवा १८ पर्यंत उतरवायची, स्वतःचा गेज आणून पार्किंगमधल्या थारची हवा काढून दाखवली, टायर कसा पसरतो ते वाकून बघितलं आम्ही. ओढे समुद्राला मिळतात तिथं वाळू कापली जाऊन अचानक पायरी होते, तिथं वेगात गेला तर गाडी उलटणार. डिंगोला, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याला, खायला घालायचं नाही, दंड होतो. १९३५ च्या वादळात किनाऱ्याला लागलेलं माहेनो जहाज अजून तिथंच गंजत पडलंय त्याचा फोटो, मॅकेन्झी तलावाचा फोटो, एली क्रीकमध्ये ट्यूबवर तरंगायचं. मी तिथं जाऊन आलोय म्हणून सांगतो, यातला शब्द न शब्द खरा निघाला. खोटं होतं ते फक्त बुकिंग. बाकीची माहिती क्वीन्सलँडच्या पार्कवाल्यांच्या साइटवर फुकट पडलीय, ती वाचून कुणीही हॉल घेऊ शकतो हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार? माहिती एवढी पक्की म्हटल्यावर माणूस पक्का, असंच वाटलं सगळ्यांना, आणि आमच्यात एक सीए पण आहे बरं का, त्यामुळं अडाणी होतो असं कुणी म्हणू नये.

पैसे. माणशी २,९०,०००. टोकन २५,००० यूपीआयनं. मग १,२०,००० एनईएफटी, ते त्याच्या नव्हे तर त्याच्या मेव्हण्याच्या ट्रेडिंग फर्मच्या खात्यावर, कारण म्हणे "करंट अकाउंटचं केवायसी अडकलंय, दोन दिवसांचा प्रश्न आहे भावा". मग ९५,००० परत त्याच खात्यावर. आणि शेवटी ५०,००० रोख, गाडीचा सिक्युरिटी बॉण्ड म्हणून, परत आल्यावर मिळणार. पावती दिली, साध्या पावतीबुकातली, त्यावर फक्त "ट्रिपकरिता" लिहिलेलं. टीसीएसचं, म्हणजे विकणाऱ्यानं आपल्याकडून घेऊन सरकारला भरायच्या टॅक्सचं, सीएनंच काढलं होतं, फॉरेन टूर पॅकेज विकणाऱ्यानं तो घ्यावाच लागतो, तेव्हाच्या पाच टक्क्यांनी १४,५०० झाले असते. तर हा म्हणाला तेवढे वाचवतो तुमचे, आपण पॅकेज दाखवतच नाही. आम्ही खूश. अरे टीसीएस काय बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, आणि तुमच्या २६एएस मध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सच्या तुमच्या नावावरच्या नोंदीत, विकणाऱ्याच्या नावानिशी दिसतो, म्हणजे तो सगळ्यात भक्कम पुरावा आहे. जो टीसीएस नको म्हणतो तो पुरावा नको म्हणतोय. सीएला मी हे आता रोज ऐकवतो, तो गप्प बसतो.

यातलं २,९०,००० पैकी खरं काय मिळालं? विमानाचं तिकीट ७८,४००, व्हिसा ११,४००, ब्रिस्बेनचं हॉस्टेल ५,२००. हे तिन्ही खरे होते आणि इथंच तो हुशार. तिकिटाचा पीएनआर आम्ही एअरलाइनच्या साइटवर तपासला, बरोबर. व्हिसा सरकारच्या साइटवर तपासला, बरोबर. दोन गोष्टी तपासून बरोबर आल्यावर तिसरी कोण तपासतं? टूरचं व्हाउचर आलं त्यात लोगो, आमची नावं, तारीख, बेटावरच्या कॅम्पचं नाव सगळं होतं. नंबरच्या आधी क्यू अक्षर होतं. रक्कम भरल्याची ओळ जिथं असते तिथं पान कापलेलं होतं, पीडीएफ नव्हे तर स्क्रीनशॉटच होता तो, पण व्हॉट्सॲपवर सगळंच तसं येतं ना.

आता ज्याची मला रात्री अजून तडफड होते ते. गाडी आम्ही चालवणार. परक्या देशात, कंपनीची गाडी, समुद्राच्या कडेनं. आणि निघेपर्यंत या माणसानं एकाचंही ड्रायव्हिंग लायसन्स मागितलं नाही. पासपोर्टचा फोटो मागितला, पॅन मागितलं, टी-शर्टची साइज मागितली, व्हेज की नॉनव्हेज विचारलं. लायसन्स नाही. इथं वीकएंडला भाड्याची कार घ्यायची तर पोरगं आधी लायसन्सचा फोटो मागतं. हॉलमध्ये आमच्यातल्या एकानं विचारलं होतं की इंटरनॅशनल परमिट काढायचं का आरटीओतनं, तर हा म्हणाला, "नको रे, ते मी बघतो, तिकडं सेटिंग आहे आपलं." सेटिंग! ऑस्ट्रेलियात! आणि आम्ही हसलो, कौतुकानं. ड्रायव्हरची नावं कुठंच जाणार नव्हती म्हणून त्याला लायसन्स लागत नव्हतं, एवढं साधं होतं ते. पण गर्दीत, प्रोजेक्टरच्या उजेडात, ट्रिपच्या नशेत हे कुणाला दिसत नाही, दिसलं असतं म्हणणारा मला भेटून सांगावा.

रेनबो बीचला सकाळी सात वाजता सॅका घेऊन कंपनीच्या काउंटरवर उभे. काउंटरवरच्या पोरीनं नाव शोधलं, परत शोधलं, मग स्क्रीनच आमच्याकडं वळवली. आठ नावं होती, खाली राखाडी पट्टीत लिहिलेलं की हे फक्त कोटेशन आहे, मुदत संपली. क्यू म्हणजे कोटेशन. कुणीतरी ऑनलाइन फॉर्म भरून रेट मागवला होता, एक डॉलर भरला नव्हता. पोरगी बिचारी सॉरी सॉरी म्हणत होती, मागे लाइनमध्ये जर्मन पोरं हवा काढायचे गेज हातात घेऊन उभी, आणि आम्ही आठ बाप्ये कोल्हापूरचे, टी-शर्टवर ट्रिपचं नाव छापलेलं. तेवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

आठपैकी पाचजण ब्रिस्बेनला परतले. आम्ही तिघांनी पुढच्या बॅचला जागा मिळाली ती घेतली, माणशी ५८९ डॉलर, कार्डावर ३४,७४० पडले, थांबण्याचा आणि बसचा खर्च १३,९०० वेगळा. काउंटरवर पहिलं काय मागितलं? लायसन्स. बेटाबद्दल इथं लिहीत नाही, ट्रिप भारी झाली आणि त्याचाच जास्त राग येतो. म्हणजे थेट त्या कंपनीकडं बुक केलं असतं तर ३५ हजारात काम होतं, आम्ही त्यासाठी इथं १,९५,००० घालवले.

फोन? उचलला की. तेच तर. पळून गेला असता तर बरं झालं असतं. "भावा, तिकडच्या व्हेंडरनं मलाच फसवलं, तुझा पैसा माझ्या अंगावर हाय, टेन्शन घेऊ नगंस." आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला १०,००० यूपीआयनं परत, शेऱ्यात लिहिलेलं "पार्ट पेमेंट". आम्हाला वाटलं चला, सुरुवात झाली. ही सुरुवात नव्हती, हा त्याचा बंदोबस्त होता, ते पोलीस ठाण्यात कळलं.

ठाण्यात साहेबांनी पहिलं वाक्य टाकलं, "पैसे परत द्यायलाय की तो, मग फसवणूक कुठली? हे सिव्हिल मॅटर." मी म्हटलं साहेब, कोटेशनला व्हाउचर म्हणून दिलंय, हे बघा. त्यांनी मोबाइल हातात घेतला नाही. म्हणे घटना कुठं घडली? ऑस्ट्रेलियात. मग तिकडं तक्रार द्या. अहो पैसे इथं घेतले! कुठं घेतले? ऑफिसात. ऑफिसची हद्द आमची नाही, तिकडं जावा. तिकडं गेलो तर ते म्हणतात तुम्ही ज्या हद्दीत राहता, जिथून पैसे पाठवले तिथं जावा. परत पहिल्या ठाण्यात, तर साहेब बंदोबस्ताला. मग साहेब रजेवर. मग साहेबच बदलले, नव्या साहेबांना परत पहिल्यापासून सगळी कथा, आणि ते सगळं ऐकून विचारतात काय, "एवढे पैसे रोख कुठनं आणले?" म्हणजे चोर कोण! शेवटी अर्ज घेतला, एफआयआर नाही, अर्ज. पोच मागितली तर शिक्का सापडेना. बाहेर एक हवालदार मामा चांगले होते, हळूच म्हणाले मिटवून घ्या, निम्मे तरी मिळतील. बँकेचं तर विचारूच नका. मॅनेजर बाई म्हणाल्या तुम्हीच पाठवलेत ना सर, ओटीपी तुम्हीच टाकलात ना, मग यात फ्रॉड कसला. मेव्हण्याचं खातं गोठवा म्हटलं तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात आधी बँकेचं स्टेटमेंट सर्टिफाय करून आणा. कारखाना बंद ठेवून मी या दोन दारांच्या मध्ये फिरतोय, आणि तो गडी रंकाळ्यावर बायकोपोरांना घेऊन कणीस खाताना आमच्यातल्या एकाला दिसला.

जे उशिरा कळलं ते सांगून ठेवतो. ठाण्यात एफआयआर घेत नसतील तर तीच तक्रार लेखी, पोस्टानं एसपी साहेबांना पाठवायची, पोस्टाची पावती जपायची, त्यानंतर कोर्टाचा रस्ता उघडतो, नवीन नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये ते आहे. फसवणुकीचं जुनं ४२० आता न्याय संहितेत ३१८ झालंय, अर्जात तेच लिहा. ऑनलाइन पैसे गेलेत असं लक्षात आलं की त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, आम्ही "व्हेंडर बघतो" म्हणत बसलो. चेक दिला तर तारखेला भरा, "थांब की जरा" ऐकू नका. मला ५०,००० चा चेक दिला होता तो वटला नाही, बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली म्हणून माझी १३८ ची केस उभी राहिली, मित्रानं भीडेपोटी चेक ठेवून दिला तो तसाच मुदत संपून बाद झाला. ग्राहक आयोगात ऑनलाइन, ई-जागृतीवर तक्रार घालता येते, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षं. परदेशातली टूर असेल तर त्या कंपनीला थेट मेल टाकून विचारा की या नावानं पैसे भरलेत का, एका रात्रीत उत्तर येतं. आणि जमलं तर क्रेडिट कार्डानंच भरा, तिथं निदान वाद घालायला जागा असते. मेव्हण्याच्या खात्यावर तर शंभर रुपये पण नको.

आमच्या आठातले दोघे अजून "देईल रे तो, आपल्यातलाच आहे" म्हणतात आणि अर्जावर सही करत नाहीत, त्यामुळं तो ठाण्यात सांगतो की बाकीच्यांची तक्रारच नाही. त्यांना काय बोलायचं.

आता याचा नवा ग्रुप सुरू झालाय, ओमानच्या वाळवंटाचा, टोकन २५,०००, मेव्हण्याचं तेच खातं. ज्यांनी भरलेत त्यांनी आजच्या आज चॅट, पावती, पोस्टर सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर पाठवून ठेवा. आमच्या ग्रुपमधले त्याचे मेसेज त्यानं डिलीट केले, आम्ही विमानात असताना.