नदीकाठचे घर : भरपाईवर विसंबावे की विमा उतरवावा?

दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा यांच्या काठावरील निपाणी, चिकोडी, कागवाड या कर्नाटकातील तालुक्यांत ज्यांचे घर पुराच्या पाण्यात येते, त्यांनी पावसाळ्यापूर्वीच एक निर्णय घ्यायला हवा : सरकारी भरपाईची वाट पाहायची, की विमा उतरवायचा?

२०१९ च्या महापुरानंतर कर्नाटक सरकारने पूर्ण पडलेल्या घरासाठी ५ लाख रुपये जाहीर केले. मात्र राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत सपाट भागातील अशा पक्क्या घराला १ लाख २० हजार आणि अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला अवघे साडेसहा हजार रुपये ठरवले गेले. पाच लाख आणि १ लाख २० हजार यांमधील अंतर राज्य सरकारच्या मर्जीवर अवलंबून असते, आणि ती मर्जी पुरागणिक बदलू शकते. एकाच दूधगंगेच्या पुरात महाराष्ट्रातील कागल आणि कर्नाटकातील निपाणीकडील घरे बुडाली, तरी भरपाई दोन वेगवेगळी सरकारे ठरवतात. शिवाय पंचनाम्यात घर कोणत्या वर्गात बसवले जाते यावर सगळे ठरते, आणि मोठी रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी येते. पहिल्या टप्प्याचा खर्च ज्याच्या गाठीशी नाही, त्याचे बांधकाम पायाशीच अडते.

‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला विक्रीस ठेवावी लागते. पूर तिच्या मूळ संरक्षणातच येतो, आणि घरातील सामानासाठी इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. विमा रक्कम जागेच्या बाजारभावावर नव्हे, तर पुनर्बांधणीच्या खर्चावर ठरते. वर्षानुवर्षे ओल मुरून खचलेली भिंत मात्र यात बसत नाही, हे जुन्या मातीच्या घरांच्या मालकांनी नीट वाचून घ्यावे.

पण पॉलिसी विक्रीस ठेवणे वेगळे आणि प्रत्येक घर स्वीकारणे वेगळे. कंपनीने नकार दिला तर शासनाने काय करावे, याची उत्तरे इतरत्र सापडतात. कॅलिफोर्नियात १९६८ पासून खासगी कंपन्यांना एकत्र येऊन अशा घरांचा आगीचा विमा उतरवावा लागतो. फ्लोरिडाने २००२ मध्ये अशा घरांसाठी ‘सिटिझन्स’ ही स्वतंत्र विमा संस्थाच उभी केली. आपल्याकडे ब्रिटनची २०१६ ची ‘फ्लड री’ योजना मला अधिक उपयोगी वाटते, कारण तेथे सर्व घरविमा कंपन्यांकडून वर्गणी घेऊन पूरग्रस्त भागातील घरांचा हप्ता आवाक्यात ठेवला जातो, आणि २००९ पासून बांधलेल्या घरांना त्यातून वगळले असल्याने नदीपात्रालगत नव्या वसाहती उठवण्यास प्रोत्साहन मिळत नाही. भारतात घरांसाठी अशी योजना नाही.

म्हणून पक्के घर आणि नीट उतारा असलेल्यांनी विमा उतरवावा, आणि भरपाई मिळालीच तर ती वरकड समजावी. ज्यांना विमा मिळत नाही त्यांच्यापुढे भरपाईवाचून पर्याय नाही. त्यांनी निदान घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा उतारा आणि घराचे चारही बाजूंचे फोटो जूनपूर्वी काढून गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवावेत. गृहकर्ज असल्यास बँकेने उतरवलेला विमा केवळ कर्जाच्या रकमेपुरता आहे का, तेही विचारावे.