पहिली ऑफ-रोड बाईक: एक्सपल्स की हिमालयन?

दोन्ही गाड्या चालवल्यात आणि दोन्हींवरून पडलोय. म्हणून आधीच सांगतो, पहिली गाडी घेताना पॉवर नंतर बघा, वजन आधी. हीरो एक्सपल्स 200 4व्ही साधारण 158 किलोची, रॉयल एनफिल्ड हिमालयन 450 ही 196 किलोची. मधला फरक म्हणजे पाऊण पोतं सिमेंट.

मुळशीकडच्या एका लाल मातीच्या उतारावर हिमालयन माझ्या हातून आडवी झाली. चूक माझीच, घाबरून क्लच दाबला. उतारावर गाडीला मागे धरणारा इंजिनचा अडसर सुटला, गाडी घरंगळली, मी पुढचा ब्रेक आवळला आणि चाक सरकलं. हँडल वळवून, गाडीकडे पाठ करून, गुडघ्यांत वाकून उचलायला गेलो, तर बूटच चिखलात घसरत होते. गुरं घेऊन परतणाऱ्या एका काकांनी कॅरिअरला हात दिला तेव्हा ती उभी राहिली. एक्सपल्स अशीच पडते तेव्हा मी एकटा उचलतो. पहिल्या वर्षी हे दिवसातून चारदा करावं लागतं. तिसऱ्यांदा उचलून माणूस दमतो आणि दमलेला माणूसच पडतो.

मग हिमालयन कोणी घ्यावी? ज्यांना आधी चारशे किलोमीटर हायवे कापायचाय, मग कच्चा रस्ता. तिची 40 पीएस पॉवर आणि 17 लिटरची टाकी तिथे कामाला येते. एक्सपल्सची पॉवर 19 पीएसच्या आसपास, टाकी 13 लिटरची. हायवेवर ऐंशीच्या पुढे ती दम खाते. स्पीतीला जोडीने जायचं असेल तर मीही हिमालयनच काढेन. पण शनिवार-रविवार सह्याद्रीतल्या बैलगाडीच्या वाटा धुंडाळायच्या असतील, तर जवळपास निम्म्या किमतीची एक्सपल्स घ्या आणि उरलेल्या पैशांत घोट्याच्या वर येणारे बूट, नी-गार्ड आणि चांगलं हेल्मेट घ्या. बूट सगळ्यात आधी. गाडी पडते ती पायावर.

पुढचं चाक दोन्हींना 21 इंची, ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, 220 आणि 230 मिलिमीटर, सीटची उंचीही 825च्या घरात. यावरून निवड करू नका. फक्त एक्सपल्सच्या प्रो मॉडेलची सीट 891 मिलिमीटर आहे. पाय नीट टेकत नसतील तर नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

गाडी कोणतीही असो, फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंट्यांवर, उभं राहायला शिका. गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल ठेवा, नजर चाकापुढे न ठेवता दहा-पंधरा मीटर लांब ठेवा. तीव्र उतारावर पहिला गिअर, क्लचवरून बोटं बाजूला, मागचा ब्रेक हळू. सुट्या खडीवर मागचं एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, चाक सारखं सोडत राहतं. हिमालयनमध्ये ते बंद करता येतं, डांबरावर आल्यावर मात्र आठवणीने चालू करा. ओढ्यात गाडी घालण्याआधी काठीने तळ चाचपत स्वतः चालून जा. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर उलटे फिरा, मागे कितीही जण हॉर्न वाजवोत. आणि कातळसड्यावर फुलं असतील तिथे चाक नेऊच नका.

बुकिंगआधी एक करा. मित्राची गाडी मऊ गवतावर अलगद आडवी ठेवा, पेट्रोलचा कॉक असेल तर बंद करा आणि कोणाचीही मदत न घेता उचलून बघा. दोनदा.