लष्कराचं फील्ड हॉस्पिटल: तंबू फर्स्ट क्लास, केसपेपरचं तेवढं बघा

स्टार आधीच देऊन टाकते. पाचपैकी साडेतीन. वीज, पाणी, शस्त्रक्रिया, शिस्त यांना पैकीच्या पैकी. कापले ते नोंदींसाठी. एवढा पूर आलाय आणि ही बाई नोंदींचं काय घेऊन बसली, असं वाटेल. पण मी सार्वजनिक आरोग्य विभागात साथरोग सर्वेक्षणाचं काम करते, माझी नजर तिथेच जाणार.

आमच्या दवाखान्यात चिखल साचलेला, फ्रीज बंद, लसी वाया गेलेल्या. अशा वेळी हे पथक आलं आणि जागा दाखवा, एवढंच म्हणालं. जनरेटर, पाणी शुद्ध करायचं यंत्र, स्वयंपाक, संडास, सगळं त्यांचं त्यांनी आणलेलं. मदतीला आलेल्या माणसांचीच सोय लावण्यात ज्यांचा जीव मेटाकुटीला आलाय, त्यांना याची किंमत कळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत टाइप 2 पथक म्हणजे रोज 100 बाह्यरुग्ण, किमान 20 खाटा आणि दिवसाला 7 मोठ्या किंवा 15 छोट्या शस्त्रक्रिया. हे पथक त्यात आरामात बसत होतं. ऑपरेशनच्या तंबूत निर्जंतुकीकरणाची वही तर इतकी नेटकी, की आमच्या लोकांना मुद्दाम नेऊन दाखवली.

आता नोंदणीचं टेबल. छापील केसपेपरवर नाव, वय, आणि मग रँक आणि युनिट! गावाचा रकानाच नाही. पाणी कुठलं पितात, हे तर लांबच. जवान बिचारा रँकपुढे रेघ मारून पुढचा पेशंट घेत होता. संध्याकाळी मला आकडा मिळाला तो ‘पोटाचे विकार’ असा एकत्र. पाण्यासारखे जुलाब किती, रक्ताचे किती, पाच वर्षांखालची मुलं किती, काही नाही.

त्यांच्या डॉक्टरसाहेबांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, “गाव कशाला हवं मॅडम? पेशंट तर माझ्यासमोर आहे.”

त्यांच्या जागी ते बरोबरच होते. सलाईन लावायला गाव लागत नाही. विहिरीत क्लोरीन टाकायला लागतं. मी तसं सांगितल्यावर साहेबांनी वाद न घालता लगेच शिक्का बनवून घेतला: गाव, पाण्याचं ठिकाण, जुलाबाचा प्रकार. दुसऱ्या दिवसापासून युनिटच्या रकान्यावर तो उमटायला लागला आणि एकाच वस्तीतले पेशंट पटापट वेगळे दिसले. टँकर तिकडे वळवला. या शिक्क्यामुळेच तीनाचे साडेतीन झाले.

खरं तर शिक्क्याची वेळच यायला नको. अशा पथकांसाठी रोजच्या अहवालाचा एकसारखा नमुना 2017 पासून आहे. 2019 मध्ये इडाई चक्रीवादळानंतर मोझांबिकमध्ये तो वापरला गेला; तिथे पाठोपाठ कॉलराही आला होता. लष्करी असो वा बिनलष्करी, सगळ्या पथकांचा अहवाल आरोग्य खात्याकडे एकाच साच्यात यावा, यासाठीच तो आहे. आमच्याकडच्या वरिष्ठांनी तो पथकाला आधी पाठवला नव्हता, तेव्हा अर्धा दोष इकडचाही धरा.

औषधांचा साठा तरण्याताठ्या पुरुषांच्या हिशेबाने भरलेला. मलमपट्टी, वेदनाशामक, अँटिबायोटिक इंजेक्शनं मुबलक. लहान मुलांची सिरप, मधुमेहाच्या गोळ्या, बाळंतपणाचं सामान तोकडं. ते आमच्या भांडारातून गेलं. फाटकावर बंदूकधारी पहारेकरी होता. काही बायका त्याला बघूनच परत फिरायच्या. आमच्या आशाताई तिथे उभ्या राहायला लागल्या, मग रांग सुरळीत झाली.

सगळ्यात मोठी तक्रार निघतानाची आहे. हाडं जोडायला पायात बाहेरून सळ्या बसवलेले पेशंट मागे राहिले, आणि त्या सळ्या सोडवायचा पाना पथकासोबत गेला! प्रत्येक कंपनीचा पाना वेगळा. डिस्चार्ज कार्डावर कंपनीचं नाव नाही, टाके कधी काढायचे ते नाही. आमचे सर्जन फोनवर फोन करत बसले.

म्हणून कुणी अशी सेवा मागवणार असाल, तर तंबू उभे राहत असतानाच तीन गोष्टी मागून घ्या: रोजचा अहवाल कुणाच्या हाती येणार त्याचं नाव, पथक निघण्याची तारीख, आणि प्रत्येक डिस्चार्ज कार्डाची एक प्रत आपल्या सर्जनसाठी. सळ्या बसवल्या असतील तर पानाही.