मध्ये पत्रा, दोन्हीकडे कॉइल: कोणत्या धातूतून वीज पलीकडे जाते?

बंद टाकीतल्या सेन्सरला भोक न पाडता वीज द्यायची, म्हणून एक कॉइल बाहेर आणि एक आत. बाहेरच्या कॉइलचं बदलतं चुंबकीय क्षेत्र पत्र्यात भोवरा प्रवाह (धातूतच गोल फिरणारे विजेचे प्रवाह) निर्माण करतं आणि ते त्याच क्षेत्राला विरोध करतात. क्षेत्र ज्या खोलीवर सुमारे ३७ टक्के उरतं, ती स्किन डेप्थ. मिलिमीटरमध्ये साधारण अशी:

| धातू | ५० हर्ट्झ | १ किलोहर्ट्झ | १०० किलोहर्ट्झ |
|---|---|---|---|
| तांबं | ९.३ | २.१ | ०.२ |
| अ‍ॅल्युमिनियम | १२ | २.६ | ०.२६ |
| एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ | ६० | १३.५ | १.३५ |
| एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंडी पोलाद; सापेक्ष पारगम्यता, म्हणजे हवेच्या तुलनेत चुंबकीय रेषा किती पट सहज वाहून नेतं ते, २०० धरून) | २ | ०.४ | ०.०४ |

मोबाइलचे वायरलेस चार्जर साधारण १०० ते २०० किलोहर्ट्झवर चालतात. तसलं तयार किट १ मिमी अ‍ॅल्युमिनियममागे लावलं तर पत्रा तापेल किंवा चार्जर स्वतःच बंद पडेल. फ्रिक्वेन्सी उतरवली की वाट मोकळी होते, पण पलीकडच्या कॉइलमधलं व्होल्टेजही त्याच प्रमाणात घटतं. मग वेढे वाढवा. शिवाय पत्रा स्किन डेप्थपेक्षा पातळ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कॉइल मोठी असेल तर पातळ पत्र्यातही भोवरा प्रवाह पसरून बरंच क्षेत्र अडवतात.

माझं मत एसएस ३०४ ला. त्याची रोधकता (विजेला होणारा विरोध) तांब्याच्या चाळीसेक पट, त्यामुळे भोवरा प्रवाह क्षीण राहतात. ३ मिमी पत्रा आणि तळहाताएवढ्या कॉइल असतील तर काहीशे हर्ट्झ ते एखादा किलोहर्ट्झ या पट्ट्यात चाचणी सुरू करा. कार्यक्षमता बेताचीच मिळेल. सेन्सरला पुरेल, मोटरला नाही.

एमएसमध्ये दुहेरी अडचण. भोवरा प्रवाह आहेतच, वर चुंबकीय रेषा पत्र्यातूनच वळून पहिल्या कॉइलकडे परततात. इंडक्शन शेगडीवर लोखंडी तवा तापतो तो याच गुणांमुळे, तेव्हा इथे कॉइलचा हट्ट सोडलेला बरा. भिंतीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पायझो डिस्क (वीज दिली की कंप पावणारी आणि कंपनातून वीज देणारी चकती) एपॉक्सीने चिकटवून अल्ट्रासाउंडने ऊर्जा पाठवता येते. ध्वनीला धातूची पारगम्यता आडवी येत नाही. मात्र चिकटवण्यात हवेची फट राहिली किंवा आतून रबरी अस्तर असलं, तर तीही वाट बंद.

टाकी उघडता येत असेल आणि दाब फारसा नसेल, तर प्लास्टिकची खिडकी किंवा केबल ग्लँड (वायर आत नेणारं सीलबंद तोंड) या सगळ्यापेक्षा स्वस्त.

पत्रा घेताना लोहचुंबक खिशात ठेवा. ३०४ ला तो चिकटत नाही, फार तर वाकवलेल्या कडेला किंचित ओढला जातो. सपाट भागावर घट्ट बसला, तर हातात ४३० किंवा त्याच जातीचं चुंबकीय स्टील आहे, आणि वरच्या तक्त्यातली एसएसची ओळ त्याला लागू नाही.